पुरवणीतलं एकच खरं नाव

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार मावशींचे आहेत. आई-वडिलांचे आहेतच, पण ते सगळ्यांवरच असतात. मावशी म्हणजे आमच्या कॉलेजच्या परीक्षा विभागातल्या शिपाई. त्यांना नाव होतं, आडनावही होतं. पण कॉलेजात पाणी देणाऱ्या, घंटा वाजवणाऱ्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उचलणाऱ्या बायकांना सगळे मावशीच म्हणतात आणि तेवढ्यावर भागतं. मला त्यांचं पूर्ण नाव ठाऊक आहे. इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं होतं, तेच पुरे झालं.

फेब्रुवारी सरत आला की नाशिकमध्ये परीक्षेचा हंगाम सुरू होतो. द्राक्षांचाही तोच. मी पंचवटीत भाड्याच्या खोलीत राहतो आणि अंबडच्या एका कारखान्यात तपासणीचे कागद सांभाळतो. सकाळी कंपनीच्या बसकडे जाताना देवळापाशी गणवेशातली मुलं दिसतात. नवं पेन देवाच्या पायाशी टेकवतात आणि घाईने खिशात घालतात. भाजीबाजारात मेथीच्या जुड्यांना खेटून द्राक्षांचे क्रेट लागलेले असतात. कडुनिंबाची पानं रस्ताभर. दुपारी वारा तापतो आणि धुळीला एक कोरडा, पिठासारखा वास येतो. या सगळ्यात माझं लक्ष जातं ते केंद्राजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांकडे. पेपर चालू असताना केंद्राच्या आसपास झेरॉक्स चालू ठेवायचं नाही, असा नियम आहे. शटर खाली ओढून दुकानदार बाहेर स्टुलावर बसलेला असतो, चहा पीत. मला परीक्षा देऊन कितीतरी वर्षं झाली, तरी ते ओढलेलं शटर पाहिलं की मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला जातो.

आम्ही एक अनियतकालिक काढायचो. आम्ही म्हणजे मी, जुन्या नाशकातला सादिक, आणि कधी कधी लिहून देणारी चार-पाच मुलंमुली. वडिलांना मी सुट्टीत नांदगावला गेल्यावर तो शब्द सांगितला. ते मार्केट यार्डात मापाडी होते, दिवसभर काट्यावर पोती चढवायची आणि वजन ओरडून सांगायचं. "अनियत म्हंजे?" म्हणाले. "म्हणजे वेळ ठरलेली नाही." त्यांनी थोडा विचार केला. "मंग लोकांनी वाट किती बघायची?" मावशींना तोच शब्द सांगितला तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "आमच्या नळासारखं म्हना की. येईल तवा येईल."

नाव होतं 'पुरवणी'. सादिकला सुचलेलं. परीक्षेत मुख्य उत्तरपत्रिका भरली की पोरगा हात वर करून "सर, पुरवणी" म्हणतो ना, ती. जे मुख्य पानांत मावत नाही ते आमच्याकडे, असा त्याचा हिशेब. आम्हाला ते फार मोठं वाटलं होतं. अजूनही वाटतं, खरं सांगायचं तर. अंक सोळा पानांचा, चार कागद मधोमध दुमडून केलेला. शिवायला लांब हाताचं स्टेपलर लागतं, ते आमच्याकडे नव्हतं. मग साधं स्टेपलर उघडं करायचं, अंकाखाली रबरी चप्पल ठेवायची, पिन दाबायची, चप्पल अलगद सोडवायची आणि आत घुसलेले पिनेचे पाय चमच्याने वाकवायचे. सादिकची चप्पल त्यामुळे चाळणीसारखी झाली होती. तो म्हणायचा, "अबे योग्या, आपल्या साहित्यसेवेचा पुरावा माझ्या पायात आहे."

अंकात कोणाचं नाव छापायचं नाही, हा पहिल्यापासूनचा नियम. वसतिगृहातल्या जेवणाबद्दल, जातीवरून मारलेल्या टोमण्यांबद्दल, प्रेमात पडून घरी सांगता न येण्याबद्दल मुलं लिहायची. लेखाखाली नुसतं एक अक्षर. सादिकच्या चित्रांखाली 'स'. मी 'न'. नांदगावचा न. ग्रंथालयातल्या जाड संदर्भग्रंथांत, कँटीनच्या बाकांखाली, मुलींच्या खोलीतल्या कपाटावर आम्ही अंक ठेवून यायचो आणि दुसऱ्या दिवशी तिथे काही नसायचं. आपण लिहिलेलं कोणीतरी उचलून नेलं, दप्तरात घातलं, या विचाराने मला वर्गात बसवत नसे. आमच्या घरात छापील अक्षर म्हणजे कॅलेंडर आणि लग्नपत्रिका.

छापायचो कुठे, ही खरी गोष्ट.

मी 'कमवा आणि शिका' योजनेत होतो. रोज दोन तास परीक्षा विभागात काम. कागद मोजायचे, गठ्ठे बांधायचे, लाखेचं सील तापवायचं. तिथे आतल्या खोलीत एक कॉपी प्रिंटर होता. चाचणी परीक्षांच्या प्रश्नपत्रिका त्यावर निघायच्या. एकदा मूळ पान आत घातलं की यंत्र धडधडत शेकडो प्रती बाहेर फेकायचं, गरम नाही, थंड आणि किंचित ओलसर, शाईचा वास असलेल्या. ते यंत्र मावशी चालवायच्या. सातवीपर्यंत शिकलेल्या. सटाण्याकडच्या, 'आहे'ला 'शे' आणि 'कशाला'ला 'कसाले' म्हणणाऱ्या. नवरा गेल्यावर रोजंदारीवर लागल्या होत्या आणि तशाच राहिल्या होत्या. त्यांची फाइल वर गेली होती. "यंदा कायम करनार म्हने," हे वाक्य त्या इतक्या वेळा बोलायच्या, की मुलं गमतीने त्यांना 'कायम मावशी' म्हणायची. त्यांना त्यात गंमत दिसत नसे. कायम झालं की सुट्टीचा पगार, आजारपणात औषध, म्हातारपणी पेन्शन. मुलगी शिकत होती.

पहिला अंक बाहेरच्या दुकानात काढला. दुसऱ्याच्या वेळी परीक्षा सुरू झाली होती आणि शटरं खाली. मी मूळ पानं हातात घेऊन विभागात आलो तेव्हा माझं तोंड बघून त्यांनीच विचारलं. "काय शे ते?" मी सांगितलं. त्यांनी पानं चाळली. कोपऱ्यातल्या खोक्याकडे बोट केलं. त्यात पाठकोरे कागद होते, मागच्या वर्षीच्या चाचणीच्या उरलेल्या प्रश्नपत्रिका, एका बाजूने कोऱ्या. रद्दीत जाणार होत्या. "याच्यावर चालंल का?" म्हणाल्या.

म्हणून 'पुरवणी'च्या दुसऱ्या अंकापासून एक विचित्र गोष्ट झाली. आमचा मजकूर छापलेली बाजू दर्शनी यावी म्हणून आम्ही दोन-दोन पाठकोरे कागद पाठीला पाठ लावून चिकटवायचो. पण खळ पातळ व्हायची, आणि उन्हासमोर धरलं की कवितेच्या आतून 'खालीलपैकी कोणतेही चार प्रश्न सोडवा' दिसायचं. वाचणाऱ्यांना ते आम्ही मुद्दाम केलंय असं वाटायचं. आम्हीही नाही म्हणत नव्हतो.

दुपारी, सकाळचा पेपर संपून दुसरा सुरू व्हायच्या आधी, सर लोक जेवायला गेले की यंत्र चालू व्हायचं. मावशी पहिली प्रत उचलायच्या आणि वाचायच्या. पूर्ण वाचायच्या, ओठ हलवत.

"काय रे भो, ही कविता शे का अर्ज?"

"कविता आहे, मावशी."

"मंग ओळ अर्धीच कसाले सोडी? कागद वाया जास ना."

सादिकच्या एका चित्रात गोदावरीच्या घाटावर बसलेला माणूस होता. त्या म्हणाल्या, "ह्याला पाय लय बारीक काढले. उठला तर पडंल." सादिकने तिथल्या तिथे पेनने पाय जाड केले. माझा एक लेख वाचून म्हणाल्या, "हाऊ 'न' कोन शे? लय राग हाय त्याला." मी प्रती जुळवत राहिलो. "'नही'मधला 'न' का?" आणि माझ्याकडे बघून हसल्या. शाई लागलेला अंगठा त्यांनी माझ्या शर्टाला पुसला.

एकदा मी बोलण्याच्या ओघात 'माले' म्हणून गेलो. 'मला' म्हणायचं होतं. नाशकात आल्यापासून मी माझी बोली चपलांसारखी वर्गाबाहेर काढून ठेवत असे. मावशींनी यंत्र थांबवलं. "तू कोठला शे?" "नांदगावचा." "मंग असा पुस्तकासारखा कसाले बोलस?" त्या दिवसापासून त्या माझ्याशी घरच्यासारख्या बोलू लागल्या आणि मी पुढच्या अंकात पहिल्यांदा आमच्या आळीतली माणसं आमच्या आळीतल्यासारखी बोलती केली. लिहिणं म्हणजे काय हे मला कोणी शिकवलं असेल, तर ते त्या खोलीत.

चौथा अंक शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत निघाला. त्यात माझा लेख होता, अंतर्गत गुणांबद्दल. सरांच्या घरची कामं केली की ते गुण कसे वाढतात, कोणत्या मुलांना ते मागता येतात आणि कोणत्या मुलांना ते मागायचे असतात हेच माहीत नसतं. नाव कोणाचंच नव्हतं, पण ओळखणाऱ्यांना ओळखू येणार होतं. भीती वाटत होती. तशीच ऐटही. आणि हा आपला शेवटचा अंक, हे कळत होतं.

शेवटचा अंक म्हटल्यावर मी ऋणनिर्देशाचं पान लिहिलं.

हे कसं झालं ते समजायला आमच्याकडची माणसं माहीत हवीत. माझ्या शाळेत छताला पंखे होते आणि प्रत्येक पंख्याच्या पात्यावर लाल रंगात देणाऱ्याचं नाव होतं, 'यांजकडून सप्रेम भेट'. पंखा फिरला की नाव पुसट व्हायचं, वीज गेली की वाचता यायचं. लग्नात आहेराच्या पातेल्यावर नाव कोरलेलं. गावजेवणाला कोणी तेलाचा डबा दिला तरी माइकवरून पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. कोणी आपल्यासाठी काही केलं आणि आपण त्याचं नाव घेतलं नाही, तर तो कृतघ्नपणा. वडिलांनी मला नाशकात सोडताना उपदेश असा एकच केला होता, "ज्यानं केलं त्याचं नाव घ्यायला लाजू नको."

मी लाजलो नाही. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं, की हे अंक ज्यांच्यामुळे निघाले, ज्यांनी आमच्यासाठी परीक्षा विभागाचं यंत्र चालवलं, कागद दिला, त्या आमच्या मावशी... आणि पुढे त्यांचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. सादिकने भोवती वेलबुट्टी काढली. "टाक ना," तो म्हणाला, "मावशी खुश होईल." अख्ख्या अंकात आम्ही सगळे एकेका अक्षराआड बसलो होतो आणि खरं, पूर्ण नाव एकच होतं. हे आमच्या लक्षात आलं नाही. हुशार मुलं होतो आम्ही. मला मराठीत कॉलेजात सर्वांत जास्त गुण होते.

ते पान मावशींनीच छापलं. पहिली प्रत नेहमीप्रमाणे उचलली. ओठ हलले. मग थांबले. त्यांनी यंत्र थांबवलं. पदराला हात पुसून त्यांनी नावावरून एक बोट फिरवलं. शाई ओली होती, आडनावाचं शेवटचं अक्षर थोडं पसरलं. मी हसत उभा होतो, शाबासकीची वाट बघत. त्या काही बोलल्या नाहीत. बटण दाबलं आणि बाकीच्या प्रती काढल्या.

त्या क्षणाकडे मी इतक्या वर्षांत किती वेळा परत गेलो असेन. त्यांना धोका कळला असणारच; त्यांनी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जग बघितलं होतं. मग "हे काढ" का म्हणाल्या नाहीत? स्वतःचं नाव पहिल्यांदा छापलेलं बघून मोह पडला? की एका पोराचे आभार परत करणं त्यांना बरं दिसेना? त्याही आमच्याकडच्याच. दिलेला मान नाकारायचा नसतो.

तीन दिवसांत अंक कार्यालयात पोचला. कोणीतरी तो खिडकीपाशी धरला आणि आतले प्रश्न दिसले. पेपर फुटला, अशी कुजबुज दुपारपर्यंत कॉलेजभर झाली. प्रश्न मागच्या वर्षीचे होते हे संध्याकाळी सिद्ध झालं, पण तोवर समिती बसली होती. परीक्षा विभागातून कागद बाहेर गेला, यंत्र बाहेरच्या कामाला वापरलं, हे तर खरंच होतं. आम्हीच ते आभार मानून लिहून दिलं होतं. समितीला खरं तर मावशी नको होत्या. 'न' कोण ते हवं होतं. ऑफिसातल्या क्लार्ककडून नंतर कळलं ते असं: त्यांना विचारलं, मुलं कोण? त्या म्हणाल्या, "पोरं येत्यात, जात्यात. मला काय त्यांची नावं पाठ हायेत?" पुन्हा विचारलं. नावं सांगितली तर कामावर ठेवण्याचा विचार करू, असंही म्हणाले. त्या म्हणाल्या, "मी अडानी बाई. अक्षरं वळखते, माणसं नाय."

मला कोणी बोलावलंच नाही. मी स्वतःहून जाऊ शकत होतो. समिती बसली होती त्या कार्यालयाच्या दारापर्यंत मी दोनदा जाऊन परत आलो. माझे तीन पेपर राहिले होते. घरात कोणी आजवर पदवीधर नव्हतं. वडील यार्डात सगळ्यांना सांगून बसले होते. ही सगळी कारणं खरी आहेत आणि ती मी तेव्हा स्वतःला नीट, मुद्देसूद सांगितली, परीक्षेतल्या उत्तरासारखी.

शेवटच्या पेपरच्या दिवशी मावशी फाटकापाशी भेटल्या. हातात कापडी पिशवी. तिच्यात डबा, चपला आणि त्यांचा स्टीलचा पेला. किल्ल्या जमा करून निघाल्या होत्या. फाटकाबाहेर द्राक्षांची गाडी लागली होती आणि पोरं पेपर संपल्याच्या आनंदात गलका करत होती. मी समोर उभा राहिलो.

"पेपर कसा गया?"

"चांगला गेला."

"मंग झालं," त्या म्हणाल्या. "जाय. गाडी चुकी जाई."

मी गेलो. खरंच गेलो. गाडी पकडली.

निकाल लागला त्या दिवशी यार्डातल्या भोंग्यावरून, जिथून कांद्याचे भाव सांगतात तिथून, माझं नाव पुकारलं गेलं. वडिलांच्या नावासकट. वडील काट्याजवळ उभे राहून रडले. हमालांनी मला उचललं. मी पेढे वाटत होतो आणि पुकारलेलं माझं नाव मला ऐकवत नव्हतं.

मावशी पुढे दिंडोरीकडे एका द्राक्षांच्या पॅकिंगमध्ये हंगामी कामाला जातात, असं ऐकलं. मग तेही ऐकू येईनासं झालं. मी चौकशी केली नाही, असं लिहिणं जास्त खरं होईल.

या वर्षी, याच दिवसांत, सादिकने एका मुलीला माझा नंबर दिला. ऋतुजा तिचं नाव. कॉलेज रोडच्या एका कॅफेत ती आणि तिची मित्रमंडळी आपापली हाताने बनवलेली मासिकं मांडून बसतात. रंगीत धाग्याने शिवलेली, खिशात मावणारी. "आम्ही याला झीन म्हणतो, सर." मी म्हटलं, "आम्ही अनियतकालिक म्हणायचो." "वॉव, केवढा शब्द!" ती म्हणाली. सादिककडचे चारही अंक तिच्याजवळ होते. तिने ते इतक्या जपून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवले होते की मला भरून आलं. चारही अंक एकत्र, जसेच्या तसे, पुन्हा छापायचे आणि इंटरनेटवरही ठेवायचे, असं तिच्या मनात आहे.

"पिनांचा गंजसुद्धा स्कॅन करणार आहे मी. आणि हे शेवटचं पान! सर, हे तर बेस्ट आहे. इतकं गोड कोणी आभार मानतं का आता? हेच कव्हरवर घेऊ."

तिच्या बोटाखाली ते नाव होतं. वेलबुट्टीत बसलेलं.

मी तिला सगळं सांगितलं. कॉफी थंड झाली. ऋतुजाने फोल्डर बंद केलं आणि म्हणाली, "मग ते पान काढू या ना, सर. सिंपल." मीही हो म्हणणार होतो. पण काढलं, तर या अंकांमागचं एकमेव माणूस पुन्हा नाहीसं होतं आणि आम्ही हुशार मुलं तेवढी उरतो. ठेवलं, तर ज्यांना विचारलं नव्हतं त्यांना पुन्हा न विचारता चव्हाट्यावर आणलं. दोन्ही मी ठरवायचं नव्हतंच. तेव्हाही नव्हतं.

सादिकने कॉलेजातल्या जुन्या क्लार्ककडून पत्ता मिळवला. सटाण्याजवळचं गाव, मुलीकडे असतात. फोन नंबरही होता. फोनवर मी पुन्हा "चांगला गेला" असं काहीतरी बोलून मोकळा झालो असतो, म्हणून लिहिलं. ते पत्र असं:

मावशींना,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी योगेश. परीक्षा विभागात गठ्ठे बांधायला यायचो तो, नांदगावचा. 'न' मीच, हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही सांगितलं नाही.

आम्ही सगळ्यांनी आपली नावं लपवली आणि तुमचं छापलं. तुमची नोकरी गेली. त्याच आठवड्यात मी पेपर दिले आणि पास झालो. मी कार्यालयात जाऊन "लेख माझा आहे, कागद रद्दीतला होता" एवढं सांगायला हवं होतं. दारापर्यंत दोनदा गेलो होतो. आत गेलो नाही. फाटकापाशी तुम्ही भेटलात तेव्हाही बोललो नाही. तुम्ही कायम होणार होतात. ते वर्ष मी तुम्हाला परत देऊ शकत नाही.

आता काही मुलं ते अंक पुन्हा छापणार आहेत. त्या लेखाखाली माझं पूर्ण नाव घाला, असं मी त्यांना सांगितलं आहे. शेवटच्या पानावर तुमचं नाव आहे. ते राहावं की जावं, हे तुम्ही सांगा. राहू दे म्हणालात तर राहील, आणि तुम्हाला बोलून दाखवायचं असेल ते त्याच्याखाली तुमच्याच शब्दांत छापू. नको म्हणालात तर ते पान जाईल. उत्तर आलं नाही तरी जाईल. तुमचं गप्प राहणं म्हणजे होकार, असं मी एकदा धरलं होतं.

तुम्हाला चालणार असेल तर भेटायला येईन. चालणार नसेल तर येणार नाही, आणि तुम्ही का बोलावलं नाही हेही विचारणार नाही.

आभार मी तुमचे एकदा मानले आहेत, त्याचं काय झालं ते तुम्ही भोगलंत. या वेळी फक्त माफी मागतो.

तुमचा,
योगेश रामदास बोरसे